त्याच्या आईची तब्येत

“तू फक्त एक फोन कर, बाळ्या,” ताई म्हणाली.

आजूबाजूच्या टेबलांवरची टकटक क्षणभर थांबली. पिकल्या मिशांचा, जाड भुवयांचा, टीव्हीवर नकाशासमोर उभा राहून रणगाड्यांच्या हालचाली समजावून सांगणारा हा माणूस. त्याला कुणी ‘बाळ्या’ म्हणत असेल, असं वर्तमानपत्राच्या त्या दालनात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिथे सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. गणवेश त्याने उभ्या जन्मात घातला नव्हता, पण वर्षानुवर्षं लष्करावर लिहून लिहून त्याची चालही कवायतीतली झाली होती.

त्याने ताईला जिन्याजवळच्या कोपऱ्यात नेलं. ती शाळेतून थेट आली होती. बोटांना खडू तसाच होता. त्याच्या कचेरीत ती आजवर कधी आली नव्हती.

“झालं काय?”

“पोराची तुकडी पुढे चाललीय. सरहद्दीवरच्या त्या ठाण्यावर. काल फोन होता त्याचा. खुशीत होता, मूर्ख.”

“अगं, वायरलेसवाला आहे तो. त्याला काही बंदूक घेऊन पुढे धावायचं नसतं.”

“हे तू मला सांगू नकोस. गेल्या रविवारी तूच लिहिलंस, शत्रू आधी वायरलेसची खोली हुडकतो आणि तिच्यावर तोफ लावतो म्हणून. मी वाचते तुझं. सगळं वाचते.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं.

“असं कुणासाठी करता येत नाही, ताई.”

“करता येत नाही, की तुला करायचं नाही?” तिचा आवाज चढला नाही. शाळेतल्या बाईंचा आवाज चढत नाही. “तो दोन वर्षांचा होता तेव्हा त्याचा बाप गेला. तुझं लग्न राहून गेलं, तूही त्याला मुलासारखं वाढवलंस. मग आता हे तुझे जनरल-बिनरल आहेत कशाला?”

टेबलावर त्याचा पुढच्या रविवारचा लेख अर्धा लिहून पडला होता. ‘आता कच खाऊन चालणार नाही’ असं शीर्षक त्याने आधीच देऊन ठेवलं होतं. प्रत्येक घराने आपला वाटा उचलायची तयारी ठेवली पाहिजे, अशा आशयाच्या वाक्यावर तो थांबला होता.

या कामात तो आला तोही अपघाताने. तरुणपणी तो बाजारभावांच्या पानावर होता, कांदा-बटाटा आणि कापूस. संरक्षण खात्याच्या बातम्या देणारा माणूस स्कूटरवरून पडला, म्हणून एका संचलनाला ह्याला पिटाळलं. इतर सगळ्यांनी मंत्र्यांचं भाषण दिलं. ह्याने लिहिलं ते उन्हात उभं राहून चक्कर येऊन पडलेल्या एका शिपायाबद्दल, आणि पडतानासुद्धा त्याने हातातली रायफल जमिनीला कशी टेकू दिली नाही त्याबद्दल. वाचकांची पत्रं आली. बाजारभाव सुटले ते सुटलेच.

पहिल्या चकमकीच्या वेळी तो खंदकात राहिला होता. थंडीने पाय काळे पडलेले शिपाई त्याने पाहिले आणि लिहिलं की ह्यांच्याकडे लोकरी मोजे नाहीत. मंत्रालय खवळलं, संपादकांना बोलावणं आलं, आणि महिन्याभरात ट्रक भरून मोजे गेले. ती बातमी त्याच्या आयुष्याची कमाई होती. त्याच खंदकात एका तरुण अधिकाऱ्याने त्याला कॉलर धरून आत ओढलं होतं. जिथून ओढलं तिथे नंतर गोळ्याचा खड्डा होता. तो अधिकारी पुढे चढत चढत जनरल झाला, आणि हा त्याच्याबरोबर चढत गेला. पूर्वी हा बातमीकडे जायचा. मग बातमी चालत ह्याच्याकडे येऊ लागली, आणि चालत येणाऱ्या बातमीचे बूट नेहमी पॉलिश केलेले असत. मोज्यांसारखं काही त्याने पुन्हा लिहिलं नाही. हे त्याला कधी जाणवत नसे असं नाही, पण जाणवलं की तो टीव्हीवाल्यांना होकार कळवून टाकी.

ताई गेल्यावर त्याने खिडकीशी उभं राहून फोन लावला. जनरलसाहेबांनी ऐकून घेतलं.

“जवळचा आहे?”

“सख्खा भाचा.”

“हं. त्याची आई आजारी आहे का?”

त्याला प्रश्न कळला नाही.

“नाही म्हणजे, कागदावर काहीतरी कारण लागतं ना,” जनरल म्हणाले. “आजारी आहे का?”

“हो,” तो म्हणाला. “आजारी आहे.”

एखादं विशेषण निवडायलाही त्याला याहून जास्त वेळ लागत असे.

भाचा मागे राहिला. मुख्य तळावर वायरलेस दुरुस्तीच्या खोलीत त्याची नेमणूक झाली. ताईने त्या संध्याकाळी भावाला जेवायला बोलावलं, त्याला आवडतं ते सगळं केलं, आणि दोघंही त्या विषयावर काही बोलली नाहीत. तो पोटभर जेवला.

पंधरवड्याने त्या ठाण्यावर हल्ला झाला. ठाणं पडलं नाही, पण पहिलाच गोळा वायरलेसच्या खोलीवर आला. त्याने स्टुडिओत नकाशावर ती जागा काठीने दाखवली आणि सांगितलं की शत्रूचा डाव फसला.

नंतर लष्कराच्या प्रसिद्धी विभागाने काही पत्रकारांना जखमींना भेटायला इस्पितळात नेलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेलचा वास. बाकीचे पत्रकार दाराजवळच्या खाटांपाशी थांबले. त्याला मात्र अधिकाऱ्याने खिडकीजवळच्या खाटेशी नेलं. “हा तुमच्यासाठी राखून ठेवलाय,” तो हसून म्हणाला. “दोन्ही कान गेलेत. पण बोलतो छान.”

खाटेवर उंच, हाडकुळा जवान बसला होता. त्याच्या मांडीवर एक पांढरी पाटी आणि जाड पेन होतं. ज्याला काही विचारायचं असेल त्याने तिच्यावर लिहायचं. पलीकडे त्याची आई बसली होती, लांबचा प्रवास करून आलेली. ती फळाच्या फोडी करून त्याच्या हातावर ठेवत होती.

त्याने पाटीवर लिहिलं, ‘ठाण्यावर कधीपासून होतात?’

“नुकताच गेलो होतो, साहेब,” जवान म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो सभेत बोलल्यासारखा बोलत होता. सगळा वॉर्ड ऐकत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, सवय झाली होती. “खरं तर माझा नंबर नव्हता. माझ्या खोलीत दुसरा एक होता, त्याचा होता. ऐन वेळी त्याच्या आईची तब्येत बिघडली. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, साहेबांनी बोलावून सांगितलं. पोरगा असा घाबरला. घरी फोन लावतोय, लागत नाहीये. मी म्हटलं, तू आईकडे बघ, इथलं मी बघतो. लगेच निघालो.”

पेन त्याच्या हातात होतं. हात थांबला नाही. त्याने लिहिलं, ‘तेव्हा मनात काय आलं?’ आयुष्यभर तो हा प्रश्न विचारत आला होता. पेनाला तो पाठ होता.

“काय येणार? आई म्हणजे आई. माझी असती तर तोही गेला असता.”

जवानाची आई सुरी खाली ठेवून ह्याच्याकडे वळली. “त्या मुलाची आई बरी आहे का हो आता? हा सारखा विचारतो. आम्हाला कोण सांगणार? तुमची वरपर्यंत ओळख आहे म्हणतात.”

“चौकशी करतो,” तो म्हणाला.

तिने एक फोड त्याच्याही हातावर ठेवली. नाही म्हणता येईना. त्याने ती खाल्ली.

कचेरीत येऊन त्याने लिहायला घेतलं. लिहिणार नाही, असं तो गाडीत ठरवत होता. पण दुसऱ्या दिवशीच्या पानावर त्याच्यासाठी जागा मोकळी होती, संपादकबाई दोनदा डोकावून गेल्या होत्या, आणि पहिलं वाक्य त्याला इस्पितळाच्या पायऱ्या उतरतानाच सुचलं होतं. लेख बांधेसूद झाला. मित्राची आई आजारी म्हणून त्याच्या जागी आपणहून गेलेला जवान, आणि कान गेल्यावरही मित्राच्या आईची चौकशी करणारा. एकही शब्द त्याने स्वतः रचला नव्हता, जवान बोलला तेच होतं. रचलेला एकच शब्द त्याने आधी फोनवर उच्चारला होता.

संपादकबाईंनी वाचून चष्मा काढला आणि लेख पान एकवर लावला. शीर्षक दिलं, ‘माझा नंबर नव्हता’.

लोक रडले. शाळांमध्ये तो वाचून दाखवला गेला. मंत्रालयाने त्याच्या प्रती छापून वाटल्या. जनरलसाहेबांचा फोन आला. “फार मोठं काम केलंत,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. थट्टा असती तर बरं झालं असतं.

रविवारी तो ताईकडे गेला. लेखाचं पान घडी करून टेबलावर ठेवलेलं होतं.

“ही आजारी आई म्हणजे मीच ना?” तिने विचारलं.

तो खुर्चीत बसला.

“शाळेत बायका विचारतात, भावाचा लेख वाचला का. मी म्हणते, वाचला. काल मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तो मलाच वाचायला लावला. सगळ्या मुलांसमोर.” तिने पानाची घडी आणखी लहान केली. “मला काय झालं होतं, तेवढं तरी सांगून ठेव. हृदय की मूत्रपिंड? कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.”

“ताई, तूच आली होतीस सांगायला.”

“मीच आले होते. म्हणून तर तुला बोलत नाहीये, स्वतःला बोलतेय. तू फक्त ऐक.”

पुढच्या आठवड्यात भाचा सुट्टीवर आला. खांद्यावरची पिशवी त्याने दारातच ठेवली, आत आणली नाही. मामाच्या पाया पडायची त्याची लहानपणापासूनची सवय होती, या वेळी तो नुसता मान हलवून समोर बसला. ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. भांड्यांचा आवाज काही आला नाही.

“कसं चाललंय?” मामाने विचारलं.

“मला तिकडे आता नावाने हाक मारत नाहीत,” भाचा म्हणाला. “भाचा म्हणतात. भाच्याला बोलवा, भाच्याला चहा द्या, भाच्याला उन्हात उभं करू नका. तुझा लेख फलकावर लावलाय कुणीतरी. रोज काढतो, रोज नवा लागतो.”

“कुणाला कळलं कसं?”

“मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन लागला. ती ठणठणीत. मी वेड्यासारखा सगळ्यांना सांगत सुटलो, आई बरी आहे, काही झालेलं नाही. वरून कुणाचा तरी फोन आलाय, हे त्यांना माझ्याआधी समजलं. मग तळावरच्या कचेरीतून तुझं नावही फुटलं. मामा, मला एकदा विचारायचं तरी होतंस.”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हो. नाही म्हणालो असतो.”

त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती, आणि मामाला तीच झेपेना.

“मी वरच्या साहेबांकडे गेलो होतो, मला पुढे पाठवा म्हणून. ते म्हणाले, हे वरून आलंय, आम्ही हात लावणार नाही. त्याचे बूट अजून माझ्या खाटेखाली आहेत. जाताना नवे घालून गेला होता, जुने ठेवून.”

“भेटलास त्याला?”

“कुठल्या तोंडाने भेटू? भेटल्याबरोबर तो आईची तब्येत विचारेल.”

स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली. तिने मुलाची पिशवी उचलून आत नेली. भावाकडे तिने पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो उठला, तेव्हा ‘जेवून जा’ असं कुणी म्हणालं नाही.

त्याने जनरलसाहेबांना पुन्हा फोन केला. मुलाला त्याच्या तुकडीत परत घ्या, म्हणाला.

“हे काय गाडीचं रिझर्व्हेशन आहे का?” जनरल शांतपणे म्हणाले. “आधी काढा, मग घाला. पोरगा सुखरूप आहे, देवाचे आभार माना.”

“मी हे सगळं खरं खरं लिहीन.”

“लिहा की. तुमचाच लेख खोटा पडेल. माझं काय, एका आजारी बाईच्या मुलाला मी माणुसकीने मागे ठेवलं. आजारी आहे असं कोण म्हणालं होतं?” मग जुन्या मित्राच्या आवाजात ते म्हणाले, “अहो, असे फोन मला रोज येतात. तुमचा पहिला नव्हता. मी तुमच्याबद्दल वेगळं मत करून घेतलेलं नाही.”

हे शेवटचं वाक्य त्याला सर्वांत जास्त लागलं.

तरीही तो लिहायला बसला. सगळं लिहिलं. ताईचं कचेरीत येणं, खिडकीशी केलेला फोन, हातावर ठेवलेली ती फोड. लिहून झाल्यावर त्याने सवयीने एकदा वरून नजर फिरवली, एक शब्द बदलला, एक वाक्य वर घेतलं. मग तो थबकला. लेख उत्तम झाला होता. लोक पुन्हा रडणार होते. काय धाडस आहे म्हणणार होते, पत्रं येणार होती, एखादा सत्कारही झाला असता. आणि भाच्याच्या तळावरच्या फलकावर आणखी एक पान लागलं असतं. त्याने तो लेख पुसून टाकला आणि संपादकबाईंना जाऊन सांगितलं की रविवारचं सदर आता बंद करतोय.

“बरं नाहीये का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“ठणठणीत आहे,” तो म्हणाला.

त्या रविवारी सदराच्या जागी गाद्यांची जाहिरात गेली.

इस्पितळात या वेळी तो एकटा गेला. भेटीच्या वेळेत, इतर नातेवाइकांबरोबर रांगेत उभा राहून. शिपायाने त्याला टीव्हीमुळे ओळखलं आणि पुढे सोडायला निघाला, तेव्हा तो नको म्हणाला.

जवान त्याला पाहून आनंदला. “साहेब आले,” त्याने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. “लेख वाचला, साहेब. गावी बाबांनी चौकटीत लावलाय.” त्याच्या आईने स्वतःचं स्टूल पाहुण्यापुढे सरकवलं आणि ती खाटेच्या कडेवर बसली. “काही कळलं का हो, त्या मुलाच्या आईचं?” तिने विचारलं.

तो स्टुलावर बसला. पाटी मागून घेतली. इतक्या वर्षांत त्याने किती मजकूर लिहिला असेल ह्याचा हिशेब नव्हता, पण त्या पाटीवर त्याला सुरुवात सापडेना. एक शब्द लिहून त्याने पुसला. शेवटी लहान मुलासारखं मोठ्या अक्षरांत लिहिलं. ‘त्याची आई माझी बहीण. ती आजारी नव्हती. त्याला मागे ठेवा म्हणून फोन मी केला. आजारी आहे, असं खोटं मी बोललो. त्याला काही माहीत नव्हतं.’

पाटी त्याने जवानाच्या मांडीवर ठेवली.

जवानाने वाचलं. त्याचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते. शेवटापर्यंत जाऊन तो परत पहिल्या ओळीवर आला. त्याच्या आईने विचारलं, “काय लिहिलंय रे?” त्याला ते ऐकू गेलं नाही. तिने पाहुण्याकडे पाहिलं. पाहुण्याने मान खाली घातली.

मग जवानाने एकदा वॉर्डभर नजर फिरवली. पलीकडच्या खाटेवर पाय गेलेला एकजण होता, त्याच्यापुढे डोळ्यांना पट्टी बांधलेला, सगळे त्याच्याच तुकडीतले. तो पाहुण्याच्या कानाशी वाकला. तोंडाभोवती हाताचा आडोसा केला.

“हे इथे कुणाला कळू देऊ नका,” तो म्हणाला. आपण कुजबुजतोय, असं त्याला वाटत होतं. “पोरं चिडतील. तो चांगला मुलगा आहे. उद्या परत यायचंय त्याला यांच्यातच. तुम्ही फोन केलात हे तुमच्याजवळच ठेवा.”

भिंतीपर्यंत शब्द न् शब्द पोचला. कोपऱ्यात चाललेलं कुणाचं तरी हसणं बंद पडलं. औषधांची गाडी ढकलणारी परिचारिका जागच्या जागी उभी राहिली. पाय गेलेल्या जवानाने हळूच कूस बदलली आणि पाठ केली.

“उठा,” जवानाची आई म्हणाली. “ते स्टूल माझं आहे.”

तो उठला. तिने स्टूल ओढून घेतलं आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

जवानाला ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. आई का उठली, हे त्याला कळलं नाही. त्याने पाहुण्याकडे वर पाहिलं, आणि आता मात्र त्याच्या चेहऱ्यावर मघाचा आनंद नव्हता. “या आता तुम्ही, साहेब,” तो म्हणाला. “पुन्हा येऊ नका.”

मग त्याने सदऱ्याची बाही तळहातावर ओढून घेतली आणि पाटी पुसायला लागला. कोपरे पुसले, कडा पुसल्या. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पाटी छातीशी तिरपी धरून, सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघत असताना, तो ती पुसत राहिला.